मुठीतला गुळाचा खडा

अक्कलकुव्याच्या पेठेत शेठ या शब्दाबरोबर पोट यायचंच. किराणा दुकानाचे लालचंद शेठ अंगाने भारी होते, आणि त्यांच्यामागे गादीवर बसलेला त्यांचा मुलगा अभिनंदन त्याच मापाचा निघाला. गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटत नसे. दुकान बरं चाललंय याची ती खूणच होती. त्यामुळे हा शेठ आणि त्याची बायको अल्पना उजाडता उजाडता पायात बूट घालून मोलगीच्या रस्त्याने धावायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी एका जीपवाल्याने गाडी थांबवली.

"काय व्हयनं शेठ? गाडी पंक्चर व्हयनी का? बसा, सोडी देस."

"काही नही भाऊ," अभिनंदन धापा टाकत म्हणाला, "पळी ऱ्हायनूत."

"कोना मांगे?" जीपवाल्याने अगदी मनापासून विचारलं.

अल्पनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंजाबी ड्रेसच्या ओढणीची गाठ कमरेला मारलेली, केस विस्कटलेले, आणि दुपारपर्यंत ही बातमी पेठभर होणार हे नक्की. झालीही. पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली, कारण तिला लोकांपेक्षा मोठी भीती होती आणि ती तिने कुणालाच सांगितलेली नव्हती.

लालचंद शेठ बावन्नाव्या वर्षी गेले. होळीच्या आधी सातपुड्यातले पाडेच्या पाडे खाली उतरतात, ढोल वाजतात, खरेदीला झुंबड उडते, त्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी. अल्पना तेव्हा नवी नवरी होती. सासऱ्यांचा चहा घेऊन ती दुकानात गेली तर ते गादीवरच कलंडलेले. सगळे हात-पाय चोळत होते. त्यांची मिटलेली मूठ उघडली ती तिनेच, आणि मुठीत गुळाचा खडा होता, तळहाताला चिकटलेला. घरात ही गोष्ट पुढे अभिमानाने सांगितली जाऊ लागली. गिऱ्हाइकासाठी माल पारखता पारखता बाबूजी गेले, असं मरण कुणाला येतं. अल्पनाही ती गोष्ट मान हलवून ऐकायची.

आता अभिनंदनला एक्कावन्न लागलं होतं. रक्तात साखर सापडली होती, दाबही वर होता, आणि नंदुरबारच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत वजनाबद्दल चार शब्द सुनावले होते. घरी येताना अल्पना बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. बावन्न या आकड्यापलीकडे तिला काही दिसत नव्हतं.

बूट सुरतेला शिकणाऱ्या मुलीने, आयुषीने, पाठवले. जेवणाचं अल्पनाने स्वतः बघितलं. तिच्या सासूबाई, प्यारीबाई, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत. जन्मभर त्यांनी तो नेम पाळला आणि ऐंशीच्या घरातही त्या काठीशिवाय देरासरात दर्शनाला जात. दुकानातल्या पुरुषांना मात्र या नेमातून केव्हाच सूट मिळाली होती. दुकान बंद करून रात्री दहाला डाळ-बाटी, वर तुपाची धार, आणि लगेच झोप. अल्पनाने ही सूट रद्द केली. सूर्य मावळायच्या आत दुकानात डबा जाऊ लागला, ज्वारीची भाकरी, मूग, काकडी. शेठ पोत्यांच्या आडोशाला बसून मुकाट जेवू लागला. बायकोने नवऱ्याला उपाशी ठेवलंय, अशी पेठेत कुजबुज झाली. अल्पनाने कानाडोळा केला.

आधी चालत, मग चालत-पळत, मग पुलापर्यंत सलग, असे ते धावू लागले. अभिनंदनचा पट्टा आत सरकला. जिना चढताना त्याला दम लागेनासा झाला. आणि तरीही थंडी संपताना रक्त तपासलं तर साखर होती तिथेच.

"रक्तातच आहे," अभिनंदन खालच्या आवाजात म्हणाला. "बाबूजींचं तेच, माझंही तेच. तू कशाला जीव काढतेस?"

अल्पनाला राग आला. नवऱ्याचा आला, त्या कागदाचा आला आणि स्वतःचाही आला, कारण तिचंही वजन तसूभर हललं नव्हतं. भाकरी थापून आणि काकड्या कापून एवढंच होणार असेल, तर मग करायचं तरी काय?

त्या वर्षी भोंगऱ्या बाजाराला दुकानातली माणसं आपापल्या पाड्यावर सणाला गेली होती, म्हणून अल्पना गादीशेजारी स्टूल टाकून बसली. रस्ता माणसांनी फुलला होता. डाळ्या, खजूर, गूळ यांच्या पोत्यांची तोंडं उघडी होती. आणि तिथे बसल्या बसल्या तिला नवऱ्याचा हात दिसला. कुणी डाळ्या मागितल्या की हात पोत्यात जाई, चार दाणे तोंडात टाकी आणि मग माप भरी. खजूर मागितला की त्यातला अर्धा. गूळ मागितला की कोपऱ्याचा खडा. बोलणं चालू, हिशोब चालू, हात आपला चालूच. त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

दुपारच्या डब्याच्या वेळी त्याने निम्मी भाकरी उरवली. "बस झालं. भूकच नाही आज."

"कशी असेल? सकाळपासून खाताय."

"मी?" तो खरंच चकित झाला. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. ते चाखणं झालं. चाखल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा बाबूजींचा नेम आहे. त्याला खाणं कोण म्हणतं?"

अल्पनाने उरलेल्या भाकरीचा डबा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "बाबूजींच्या मुठीत काय होतं?"

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली आणि सांगितली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अभिनंदनने आपल्या तळहाताकडे पाहिलं. तो दुखावला होता, तिला कळत होतं. बोललेलं परत घ्यावं असंही तिला क्षणभर वाटलं, पण तिने घेतलं नाही.

मग तो म्हणाला, "आणि तू आत्ता काय केलंस?"

तिने खाली पाहिलं. त्याची उरलेली निम्मी भाकरी तिच्या पोटात गेली होती. डब्यात पाणी घालून, विसळून, ते पाणीही ती प्यायली होती. सकाळी धाकट्या मुलाने, नमनने, ताटात सोडलेला पराठाही असाच गेला होता. उष्टं टाकायचं नाही, त्यात जीव पडतात, ही घरची शिकवण तिने कधी मोडली नव्हती.

"उष्टं टाकू का मग?" ती म्हणाली.

"मी कुठं म्हटलं टाक? ते खाणं थोडंच आहे."

आधी तीच हसली, मग तोही, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं शेठला काहीतरी लाभ झाला.

उन्हं कलल्यावर जमनाबाई आली. वरच्या पाड्यावरची, लालचंद शेठच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. तिने गूळ मागितला. अभिनंदनने सवयीने खडा तोडला, हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. जमनाबाईच्या ते लगेच लक्षात आलं.

"आज चाखा नही शेठ? गूळ बिघडेल शे का?"

या बाईचा दुकानावरचा विश्वास त्या एका खड्यावर होता. तो खडा मालकाने खायचा, हेच तिने पन्नास वर्षं पाहिलं होतं. अभिनंदनने हात पुढे केला.

"आज तू चाख. तुले आवडना तं ले, नहीतं ऱ्हाऊ दे."

जमनाबाईने खडा घेतला, निरखला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चघळला. खात्री व्हावी म्हणून दुसरा मागून घेतला. मग निकाल दिला, "बरा शे. पण गया सालना जास्त बरा व्हता."

आपल्या गुळाबद्दल गिऱ्हाइकाला काय वाटतं, हे अभिनंदनने पहिल्यांदाच ऐकलं. तिने गूळ घेतला, नेहमीएवढाच. त्या दिवसापासून चाखायचा मान गिऱ्हाइकाकडे गेला. अभिनंदनचा हात सुरुवातीला फार वळवळायचा.

अल्पनाचा प्रश्न प्यारीबाईंनी सोडवला. तिने भीत भीत सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उष्टं टाकायचं नाही असं मी तुला सांगितलं होतं. सगळ्यांचं तूच संपवायचं, असं कधी सांगितलं?" आणि संध्याकाळी नमनने सोडलेली अर्धी पोळी त्यांनी त्याच्याच पुढ्यात परत सरकवली. तो कुरकुरला, पण त्याने खाल्ली. पुढे तो मोजून वाढून घ्यायला शिकला.

साखर उतरायला लागली. एकदम नाही, रडतखडत. मधल्या एका लग्नसराईत पुन्हा वर गेली, पावसात धावणं बुडालं, एकदा दोघांचं या सगळ्यावरून कडाक्याचं भांडणही झालं. पण पुलापर्यंत जाणं सुटलं नाही.

पुढच्या थंडीतली एक सकाळ. पुलाजवळ येताच अभिनंदन मध्येच थांबला. तो असा कधी थांबत नसे. अल्पना धावत त्याच्याजवळ आली.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही." त्याने कठड्याला टेकून श्वास घेतला. "आज मी बाबूजींपेक्षा एक दिवसाने मोठा झालो."

अल्पना बघतच राहिली. ही तारीख तिने एकटीने उराशी धरली होती. कालचा दिवस तिने देवाचं नाव घेत ढकलला होता, आणि तो तर दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी थट्टा करत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मीही घाबरलो होतो. तुला सांगून तुझी भीती कशाला वाढवायची, म्हणून बोललो नाही."

ती रडली. भर रस्त्यात, ओढणी तोंडाला लावून. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दोन वर्षं दोघं शेजारी शेजारी एकाच भीतीने धावत होते आणि एकमेकांपासून ती लपवत होते, हे आठवून तिला रडता रडता हसूही आलं.

तेवढ्यात मोलगीकडून जीप आली. तोच जीपवाला. आता त्याला त्यांची सवय झाली होती, तरी त्याने वेग कमी करून डोकं बाहेर काढलं.

"काय शेठ, आज कोना मांगे?"

"आते कोनाच मांगे नही," अभिनंदन म्हणाला. "पुढे निंघी गऊत."

जीपवाल्याला काही कळलं नाही. तो हसून निघून गेला. अल्पनाने डोळे पुसले, ओढणीची गाठ पुन्हा बांधली आणि दोघं परत वळले. दुकान उघडायचं होतं.