हातभर जास्त

तळेघरच्या शाळेत जाताना तो मला रोज दिसायचा. वणवा पसरू नये म्हणून वनखात्याचे मजूर डोंगरावरचं गवत काढून मोकळा पट्टा करत होते. बाकीचे जेवायला बसले, तरी हा पाचोळा ओढत राही. डावा हात भाजून आखडलेला, म्हणून दाताळं काखेत धरायचा.

एकदा मी म्हणालो, "मामा, जेवून तरी घ्या."

तो खाली बघतच बोलला, "गवत चांगलं यावं म्हणून मागं मीच काडी लावली व्हती, गुरुजी. इझवाया धाकला भाऊ पुढं गेला. त्यो परत आला न्हाई."

तो पुन्हा वाकला. साहेबांनी आखून दिलेल्या रेषेपेक्षा त्याचा पट्टा हातभर रुंद होता.