आत्याचा आवाज आणि ओट्यावरचा सर्व्हर

लिहिण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच कबूल करतो आणि वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरात लिखाण म्हणजे बाबांची सही, आणि तीही ते श्वास रोखून करतात. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या घरात जे काही बंद पडतं, तो माझा विषय समजला जातो. (पंखा, गॅसची शेगडी, एकदा शेजाऱ्यांची म्हैस.)

रोडपालीतलं एक ऑफिस उठलं, तेव्हा तिथला भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला. त्यात मोठी हार्डडिस्क बसवली आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "हा आपला घरचा सर्व्हर. फोटो, व्हिडिओ, गाणी, सगळं यात राहील. यात ठेवलेलं काही खराब होत नाही."

आईने तो डबा चारी बाजूंनी पाहिला. "मंग तूरडाल ठेवू का? लय किडं लागतान."

घरात भरवशाचा प्लग एकच, मिक्सरचा. म्हणून सर्व्हर स्वयंपाकघरात, कडप्प्याच्या ओट्यावर बसला.

त्या डब्यात खरोखर मोलाचं असं एकच होतं: जनाआत्याचा आवाज. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण आणि आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण. आगरी लग्नात भटजीइतकाच मान धवलारणीला असतो. ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते तसतसे विधी पुढे सरकतात, आणि ती थांबली की नवरदेवही थांबतो. पण आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आवाजाची खात्री दिली नाही. मी आधीचे दोन दिवस तिला ओट्याशेजारी बसवलं आणि तिचे सगळे धवले रेकॉर्ड केले. आत्या बरी झाली, आवाज मात्र गेला.

वैशाखात माझ्या बहिणीचं, सुनीताचं लग्न होतं. आत्याने गळ्याला हात लावला, मग डब्याकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

"आत्या, एकदम सेफ आहे," मी म्हणालो. "मांडवात तूच गाणार."

त्याच आठवड्यात डब्यातून 'टक्' असा आवाज आला.

पडद्यावर एरर. आत्याची फाइल दुसरीकडे घ्यायला लागलो की आठ टक्के, नऊ टक्के, टक्. पुन्हा पहिल्यापासून. सकाळी कॉलेजला निघण्याआधी करून पाहिलं, टक्. संध्याकाळी आल्यावर, टक्. कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात लिहिलं होतं की असा आवाज म्हणजे हार्डडिस्कचे शेवटचे दिवस. ते वाक्य मी घरात कुणाला वाचून दाखवलं नाही.

हार्डडिस्क सोडून मी सगळं बदललं. पॉवर सप्लाय बदलला. रॅम काढून खोडरबराने घासली. बाबांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. ते म्हणाले, "खारी हवा हाय. लोखंड खाते ती." पुस्तकातही दमट हवेबद्दल एक परिच्छेद होताच, म्हणून आम्ही दोघांनी मिळून सर्व्हरला प्लॅस्टिकची पिशवी घातली. तासाभरात तो इतका तापला की आईने शेजारी दही लावलं. (दही उत्तम लागलं. त्या महिन्यातलं माझं हे एकमेव यश.)

शेवटी मी परदेशातल्या जाणकारांच्या एका वेबसाइटवर इंग्रजीत प्रश्न टाकला. तीन दिवस खपून लिहिला. रजेचा अर्ज सोडून इंग्रजीत मी काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात 'आदरणीय महोदय' आणि शेवट 'आपला आज्ञाधारक' असा झाला. एरर कधी कधी आल्या त्याची वेळेसकट यादीही जोडली. उत्तर आलं नाही.

"कोनाला पत्र लिवतंस?" आई.

"तज्ज्ञ आहेत ते."

"त्यांनी आपला डबा बगितलाय?"

"नाही."

"मंग ते तरी काय सांगनार?"

लग्न आठ दिवसांवर आलं. आत्या रोज येऊन डब्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. त्या संध्याकाळी मी पुन्हा फाइल लावून बसलो होतो. ओट्यावर आई परातीत तांदळाची भाकरी थापत होती. आत्या स्टुलावर बसून कोलंबी सोलत होती. नऊ टक्के. टक्.

आत्याने मान वर केली. थोडा वेळ तशीच ऐकत राहिली. मग उठली आणि तिने आईचं मनगट गच्च धरलं.

"वन्सं, काय झालं? भाकर जाडी झाली का?"

"आई, तिला भूक लागली असेल," मी तज्ज्ञासारखं म्हणालो.

बेताल वऱ्हाडाकडे बघावं तसं आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिने आईचा हात सोडला आणि मानेने खूण केली, थाप. आईने थापली. टक्. आत्याने पुन्हा मनगट धरलं. मी फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. डबा गप्प. दहा टक्के, अकरा, बारा. हात सोडला. थप्. टक्.

जन्मभर ताल धरून गायलेल्या बाईला जे दहा मिनिटांत ऐकू आलं, ते मला महिनाभर दिसलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ त्याच वेळी मी बसत होतो आणि त्याच वेळी माझ्या हाताशी भाकऱ्या होत होत्या.

बाबा दारातून म्हणाले, "म्हंजे भाकरीनं मशीन मोडली?"

आता सांगणं भाग होतं. मी डबा उघडला. हार्डडिस्कला जाणाऱ्या वायरीची खटकी तुटलेली होती. हार्डडिस्क बसवताना ती मीच तोडली होती, आणि सुनीताच्या साखरपुड्यातल्या पेढ्यांच्या बॉक्सचा सोनेरी दोरा बांधून भागवलं होतं. आता तो दोरा सैल पडला होता आणि ओटा हादरला की वायर हलायची.

आईने दोरा बोटाने खेचून पाहिला. "वन्सं, माजी भाकर सुटली. पोरगा आडाकला."

त्या संध्याकाळी आमच्याकडे भाकऱ्या झाल्या नाहीत. पाव आणला. शंभर टक्के झाल्यावर मी आत्याच्या आवाजाच्या पाच सीड्या काढल्या. एक बाबांनी तांदळाच्या कोठीत ठेवली.

लग्नात स्पीकरमधून आत्या गायली. खरी आत्या स्पीकरशेजारी ओठ हलवत, बोटाने भटजींना विधी दाखवत बसली होती. तिसऱ्या धवल्यात मागे थप् थप् ऐकू यायला लागलं. रेकॉर्डिंगच्या वेळी आईला थांब म्हणायचं धाडस मला झालं नव्हतं. मी ओशाळून बायकांकडे पाहिलं, तर त्यांनी त्याच थापेवर टाळ्या धरल्या होत्या. आत्याने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. शाबासकी होती की दोऱ्याबद्दल होता, हे मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी त्या परदेशी जाणकारांचं उत्तर आलं. मी आईला मराठी करून वाचून दाखवलं: 'मित्रा, तुझी यादी नीट बघ. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच एरर येते. तेव्हा घरात काय चालू असतं? घरातल्या कुणाला तरी विचार.'

आई परातीत पीठ मळत होती. ती म्हणाली, "हुशार हाय मानूस. त्याची आय पन भाकऱ्या करीत असल."

पिठाचा गोळा उलटा करून म्हणाली, "आन् तो तिला इचारीत असल."