बिरूच्या सोमवारच्या फेऱ्या

बिरूनं उस्मानपुऱ्यात बाई ठेवलीय, ही बातमी मुकुंदवाडीत पहिल्यांदा कुणी फोडली ते विचारू नका. पारूबाईच्या चहाच्या टपरीवर ती माझ्या कानावर आली, तेव्हा तिला हातपाय फुटलेले होते. बाई गोरी आहे, नवरा सोडलेली आहे, तिचा स्वतःचा फ्लॅट आहे. फ्लॅट पारूबाईनं जोडला असावा. तिचा जीव फ्लॅटमध्ये फार.

पुरावाही होता. दर सोमवारी सकाळी बिरू आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून शेअर रिक्षात बसायचा. जाताना तोंड एवढंसं, परत येताना मिशीला पीळ. पन्नाशीतला माणूस उस्मानपुऱ्याहून असा फुलून येतो म्हटल्यावर टपरीनं काय समजावं?

बिरू देवगाव रंगारीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता आणि २०२४चा उन्हाळा तापत होता. मेंढरं घेऊन धाकटा भाऊ सांडू गोदाकाठाला गेला आणि बिरू बायकोला, सुगंधाबाईला घेऊन शहरात आला. गावात प्यायला पाणी नव्हतं. इकडं मुकुंदवाडीच्या पुढं बिल्डिंगा उगवत होत्या आणि सिमेंटला पाजायला टँकर येत होते. अशाच एका साइटवर बिरू वॉचमन झाला. राहायला पत्र्याची खोली. सुगंधाबाईला शहर मुळीच नको होतं. "मेंढरामागं उपाशी हिंडू, पण ह्या पत्र्यात नगं," असं ती म्हणाली होती. बिरूनं ऐकलं नव्हतं.

काम सोपं. टँकर आला की त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढून सुपरवायझर अप्पारावला पाठवायचा. पण बिरूच्या मोबाईलला मधेच काय व्हायचं कुणास ठाऊक. कॅमेरा मागंपुढं करायचा, कशावरच ठरायचा नाही, आणि फोटो धुरकट. अप्पाराव फोनवर उखडायचा.

"बिरू, ह्यो टँकर हाय का गाभण म्हैस?"

"टँकरच हाय साहेब."

"मग त्याला नंबर कुठाय? का तोबी तुझ्यासारखा गावाकडनं पळून आलाय?"

मग सोमवारी बिरू उस्मानपुऱ्याला. तिथं अभयचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. अभय म्हणजे देवगावच्या पुंडलिकाचा पोरगा. गावचा माणूस सोडून परक्याच्या हाती वस्तू द्यायची, हे बिरूच्या स्वभावात नव्हतं. शिवाय शहरात जायचं तर फेटा पाहिजेच. मोबाईल हातात घेतला की अभय सवयीनं आधी काच फडक्यानं पुसायचा. मग बंद करून चालू करायचा, सेटिंग बदलायचा, अपडेट टाकायचा. फोटो लखलखीत यायचा आणि श्रेय जायचं अपडेटला.

"बिरूमामा, सॉफ्टवेअर गंडतंय."

"पण दर ऐतवारीच कसं गंडतंय रं?"

"त्याला काय वार कळतोय व्हय?"

बिरू खूश होऊन परत. घरी मात्र अवाक्षर नाही. फोटो आले नाहीत तर काम जाणार, हे बायकोला सांगायचं म्हणजे 'मी सांगतच होते' ऐकायचं. तिनं विचारलं, "कुठं चाल्लात?" तर उत्तर एकच, "काम हाय."

असलं काम कसलं असतं, ते पारूबाईनं सुगंधाबाईला चहात साखर ढवळता ढवळता समजावलं.

सुगंधाबाई नवऱ्याला काही बोलली नाही. तिनं गाऱ्हाणं देवाकडं नेलं. तिच्या घरची रीत अशी, की रविवारी पहाटे खंडोबाची पूजा झाली की ज्याच्यावर पोट चालतं त्या वस्तूला हळदीचा भंडारा लावायचा. गावी असताना तेलाच्या बोटानं काठीला आणि लोकर कातरायच्या कातरीला लावायची. शहरात काठी कोपऱ्यात पडली, कातर पेटीत गेली. पोट आता मोबाईलवर. तर मोबाईलला. आता ती जास्त लावू लागली आणि वर मागणंही घालू लागली, "देवा, ह्याच्यात जी कोण असंल तिचं तोंड ह्यांना दिसू नये."

नवऱ्याच्या दुसऱ्या बाईविरुद्ध गाऱ्हाणं, आणि नेलं कुणाकडं? ज्यानं घरात म्हाळसा असताना धनगराच्या बानूशी लग्न लावलं त्याच्याकडं! तरी देव पावला. त्या मोबाईलमध्ये कुणाचंच तोंड दिसेना.

शेवटी एका रविवारी अप्पाराव स्वतः साइटवर आला. "उद्या सांजच्या टँकरचा नंबर दिसला नाय, तर परवा घोंगडी उचलायची अन् खोली मोकळी करायची."

सोमवारी बिरू रिक्षात बसला. मागच्या रिक्षात सुगंधाबाई. दुकानात तिनं पाहिलं तर बिरू स्टुलावर, आणि समोर एक गोरी बाई त्याचा मोबाईल हातात धरून हसतेय.

"हीच का ती सटवी?"

"अगं, पुंडलिकाची सून हाय ती, रूपा!" बिरू ओरडला. "अभयची बायको!"

"मग फ्लॅट कुणाचा?"

"कसला फ्लॅट?"

रूपानं तिला बसवलं, पाणी दिलं. अभयनं तोवर मोबाईलचं कव्हर उचकटलं होतं. आजवर काढलं नव्हतं. आज बिरूनंच हात जोडले होते, काम जातंय म्हणून. कव्हरमधून टेबलावर पिवळी भुकटी सांडली. कॅमेऱ्याच्या भोकात ती तेलानं थापून बसली होती. रूपानं भुकटीकडं पाहिलं, मग पाण्याचा गिलास धरलेल्या हाताकडं.

"मामी, बोट दाखवा बरं."

बोट पिवळं होतं.

"नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर का लावलं?" अभयनं विचारलं.

"कपाळ डोळ्याच्या वरच असतंय ना? तिथनं उतरलं आसंल."

रविवारचा भंडारा बिरूनं स्वतः किती वेळा पाहिला होता, मोबाईल कपाळाला टेकवून धोतराच्या सोग्यानं पुसता पुसता आणखी फासला होता. देवाच्या भंडाऱ्यानं काही बिघडतं, हे त्याच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं.

"काम जाणार व्हतं, सांगितलं का नाय?" सुगंधाबाईनं विचारलं.

"तू काय म्हणाली असतीस?"

"मी सांगतच व्हते, म्हणाले असते."

"म्हणून नाय सांगितलं."

काच पुसून अभयनं पहिला फोटो तिचाच काढला. भुवईचा केस न् केस दिसत होता, रागासकट. संध्याकाळी टँकरच्या फोटोबरोबर तोही चुकून अप्पारावला गेला. अप्पारावचा फोन आला, "नंबर दिसला. मालकीणबाईबी दिसल्या. राहा इथंच."

सुगंधाबाई आता मोबाईलच्या खालच्या अंगाला, कव्हरवर बाहेरून भंडारा लावते. पारूबाई अजून फ्लॅट सोडायला तयार नाही.

बिरूची उस्मानपुऱ्यात बाई नव्हती. कॅमेऱ्याच्या काचेवर हळद होती, ती पुसून घ्यायला तो जात होता.