सगुणाबाईच्या बँडाची बटणं

जांभूळ गावच्या सगुणाबाईला शेतात बटणं सापडायची. भात लावताना चिखलात बोटांना काहीतरी टणक लागायचं. खडा समजून फेकायला जावं, तर हातात हिरवं पडलेलं पितळेचं बटण. कधी पट्ट्याचं बक्कल, कधी कोटाचा आकडा. सासरे सांगायचे, लढाईच्या काळात पलटणीच्या कॅम्पातला कचरा बैलगाड्या भरून खत म्हणून या शेतात पडला. त्यात गोऱ्या सोजिरांचे फाटके कोटही होते. कापड कुजून गेलं, पितळ तेवढं राहिलं. सगुणाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून ते पत्र्याच्या डब्यात टाकत आली. कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिचा नवरा चंदर हळदींमध्ये ब्रास बँडात साइड ड्रम वाजवायचा. तो घरी सरावाला बसला की सगुणाबाई चुलीपाशी परातीवर बोटांनी तोच ठेका धरायची. पुढे चंदरचे गुडघे गेले आणि ड्रम माळ्यावर चढला. एक दिवस तिनेच तो खाली उतरवला, धूळ पुसली आणि गळ्यात अडकवला.

"काय करतेस?" चंदरने विचारलं.

"बायकांचा बँड काढतेय. तू शिकव, नाय तर मी माझी शिकेन."

चंदर हसला, पण शिकवायला बसला. शेजारच्या बनूबाईने मोठा ढोल घेतला. बँडातले जुने मास्तर आण्णा येऊन भावकीतल्या सुनांना ट्रम्पेट शिकवू लागले. सुनांना पहिले काही महिने ट्रम्पेटमधून नुसती हवाच काढता आली. गाव हसत होतं. सगुणाबाई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगणात उभी राहायची.

बँडासाठी कोट सगुणाबाईच्या सुनेने, नूतनने शिवले. ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होती. लाल कापड झकास होतं, पण प्लास्टिकची बटणं लावून बायका रस्त्यावर आल्या तेव्हा नाक्यावरच्या एकाने विचारलं, "शाळेच्या गॅदरिंगला चाललात काय?"

सगुणाबाई घरी आली, डबा काढला आणि सगळी बटणं चिंचेच्या पाण्यात टाकली. मग राख घेऊन घासायला बसली. थोड्या वेळाने चंदरही शेजारी येऊन बसला. हिरवा थर निघाला आणि खालून मुकुट, जहाजाचा नांगर, फुलं असं काय काय वर आलं.

"आई, यातली दोनसुद्धा मॅचिंग नाहीत," नूतन म्हणाली.

"बँडातल्या बायका तरी कुठं मॅचिंग हायेत? लाव."

पहिली सुपारी बदलापूर गावातल्या हळदीची मिळाली, तीही नवरदेवाच्या आईने हट्ट धरला म्हणून. घरच्या पुरुषांनी आपल्या भरवशाची, स्पीकर लावून वाजवणारी बेंजो पार्टी बाजूला तयार ठेवली होती. बायका दोन गाणी वाजवून थकतील, असा त्यांचा हिशेब.

लाल कोट मांडवात शिरले. दिव्यांत बटणं अशी झळकली की पोरंटोरं पुढे धावली. सिनेमाची दोन गाणी झाली, लोकांनी माना डोलावल्या. बेंजोवाले उठू लागले.

तेवढ्यात सगुणाबाईने ड्रमच्या काठ्या पुन्हा उचलल्या आणि हळू ठेका धरला. ट्रम्पेटवर धवल्याची, लग्नात बायका म्हणायच्या त्या जुन्या गाण्याची चाल आली. मांडवाच्या कोपऱ्यात धवला गाणाऱ्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. स्पीकरच्या दणक्यात त्यांचं गाणं कित्येक वर्षं कुणाच्या कानावर पडलं नव्हतं. त्यातली एक चाल ओळखून उठली आणि गाऊ लागली. मग दुसरी. मग स्वयंपाकाच्या बाजूने, जिन्यावरून, गल्लीतून बायका आल्या. हळदीने भरलेले हात वर झाले आणि अख्खा मांडव गात सुटला. बनूबाईचा ढोल छातीत घुमत होता. सगुणाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, पण काठी एकदाही चुकली नाही. चंदर मागे खांबाला टेकून उभा होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "ती पुढची, माझी बायको."

बेंजो पार्टीचा म्होरक्या प्रज्वल गर्दीतून वाट काढत जवळ आला. "काकी, आम्ही मागून ठेका धरू का?"

सगुणाबाईने वाजवता वाजवताच त्याच्याकडे पाहिलं.

"धर," ती म्हणाली, "पन माझ्या पुढं जाऊ नको."