कंदीलवाल्यासाठी मन्नाएखेळ्ळी

बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळीला आम्ही गेलो ते एका न्हाव्याच्या दुकानासाठी. तिथं सहलीला जाणारं आमचंच जोडपं पहिलं असावं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी निर्ण्याला सासरी नांदत होते तेव्हाची.

‘कंदीलवाला’ ही एका मासिकातली चित्रकथा. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घुबड, आणि भर दुपारीसुद्धा कंदील पेटवून चोर शोधणारा माणूस. मी उदगीरला चौथीत असताना तो सुरू झाला. माझं लग्न झालं तरी त्याचं वय तेवढंच होतं. सासरी घरात मराठी होती, पण विहिरीवर बायका कानडीत हसायच्या आणि मला वाटायचं, माझ्यावरच हसतात. महिन्यातून एकदा पोस्टमन अंक टाकून जायचा. त्या दिवशी माहेरचं कुणी येऊन गेल्यासारखं वाटायचं.

बाळंतपणाला उदगीरला गेले तेव्हा कंदीलवाला विहिरीत उलटा टांगलेला होता. परत आले तर नव्या अंकात तो बाजारात बांगड्या विकत बसलेला! मधले अंक सासूबाईंनी फाडून, त्यात नातू झाल्याचे पेढे बांधून गावभर वाटले होते.

विहिरीतला माणूस बांगड्यांच्या दुकानात पोचला कसा? भाकरी थापताना हाच विचार, पोराला पाजताना हाच विचार. बिदरचे रद्दीवाले झाले, उदगीरचं वाचनालय झालं. पोरगं चालायला लागलं तरी उत्तर मिळेना.

आमचे हे शाळेत मास्तर. चित्रकथा पोरासोरांसाठी असतात, हे त्यांचं ठाम मत. पण बातमी त्यांनीच आणली. मन्नाएखेळ्ळीत मल्लप्पा म्हणून एक न्हावी आहेत, त्यांच्या दुकानात कंदीलवाल्याचे सगळे अंक सुतळीनं शिवून ठेवलेत.

“चल रविवारी,” हे म्हणाले. “तुझा तो विहिरीतला एकदाचा बाहेर काढू. घरात दुसरं बोलणं होईना झालंय.”

पोराला सासूबाईंकडं ठेवून सकाळच्या लाल बसनं निघालो. अंतर थोडं, रस्ता वाईट. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं आणि लाल माती. कुणी जाणार असाल तर पांढरे कपडे घालू नका, ती धूळ धुतली तरी जात नाही. हायवेला उतरल्यावर सुसला खाल्ला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी आणि सोबत मिरची भजी. दोघांचं थोडक्यात भागलं. तोंड पोळलं ते वेगळं.

मल्लप्पांचं दुकान शोधावं लागलं नाही. मी आत पाय टाकताच त्यांचा वस्तरा थांबला.

“अक्का, हितं बाया येत न्हाईत.”

“मला कंदीलवाला वाचायचाय.”

त्यांचा चेहरा एकदम खुलला. मग पुन्हा कडक झाला. “लोक हितं फुकट वाचतेत आन् दाढी समोरच्या दुकानात करतेत. म्हणून नियम केलाय. खुर्चीत आपलं काम चालू हाय तवर वाचायचं. काम संपलं की अंक बंद.”

“ही वाचेल, खुर्चीत मी बसलो तर?” ह्यांनी विचारलं.

मल्लप्पांनी बराच विचार केला. “चालतंय.”

ह्यांचे केस कापायला सुरुवात झाली. मी बाकड्यावर बसून शिवलेला गठ्ठा उघडला. चुकलेल्यातल्या पहिल्या अंकभर कंदीलवाला उलटाच लटकून एका बेडकाशी धर्मावर बोलत होता. अंक संपला आणि केसही संपले.

“मग दाढी,” हे म्हणाले.

दुसऱ्या अंकात घुबड मदत आणायला गेलं आणि दिवस असल्यामुळं वाटेतच झोपलं. दाढी झाली. मल्लप्पांनी गठ्ठ्याकडं हात केला. हे आरशातून माझ्याकडं बघत होते. कॉलेजपासून जपलेली त्यांची मिशी भलती देखणी होती.

“कुठवर आलाय तो?”

“दोरी तुटायलीय,” मी म्हणाले.

“मिशी काढा,” हे म्हणाले.

मिशी काही पुरली नाही. “आता डोईच राह्यली, मास्तर,” मल्लप्पा म्हणाले. ह्यांनी डोळे मिटून मान खाली घातली.

नंबर लावून बसलेला एक शेतकरी वैतागला होता. “माझी बस जायलीय की! काय लिवलंय एवढं त्याच्यात? मोठ्यानं तरी वाचा.” मी मोठ्यानं वाचायला लागले. मल्लप्पाही ऐकत उभे राहिले.

“अण्णा, हात चालवा,” मी म्हणाले, “नाहीतर तुमच्याच नियमानं मला थांबावं लागेल.”

तर झालं होतं असं. पाणी शेंदायला आलेल्या एका बाईच्या दोराला बादलीच्या जागी कंदीलवाला वर आला. पाणी गढूळ केलं म्हणून तिनं त्याला धुतलं. त्याला ओढताना तिच्या बांगड्या फुटल्या होत्या. तो म्हणाला, “बाई, मी कंदीलवाला!” ती म्हणाली, “मग कंदील कुठाय?” कंदील तर विहिरीतच राहिला होता. नुकसान भरून निघेपर्यंत तिनं त्याला भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसवलं.

“बरोबर केलं बाईनं,” शेतकरी म्हणाला.

“काय बरोबर?” मल्लप्पा भडकले. “एवढा मोठा माणूस! किती येळा वाचलं, दर येळी राग येतोय मला.”

मी मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ती बाई मला आमच्या निर्ण्याच्या विहिरीवरचीच वाटली. तिच्यासमोर कंदीलवाल्याचंसुद्धा काही चाललं नव्हतं, मग मी कोण!

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं ह्यांचं गुळगुळीत डोकं बघून आवाज खाली आणला. “कधी झालं, मास्तर?”

“आत्ताच,” हे म्हणाले. त्यांना वाटलं, हजामतीचं विचारतोय.

कंडक्टरनं एकाला उठवून आम्हाला जागा दिली. गावात बस थांबताच पुढं उतरलेले दोघं-तिघं पळत सुटले. आम्ही घरी पोचलो तर अंगणात माणसं. सासूबाईंनी मिशी नसलेला मुलगा पाहिला, किंकाळी फोडली आणि नवरा आहे की नाही बघायला आत धावल्या. अप्पा, माझे सासरे, चहा पीत बाहेर आले. शेजारचे नागप्पा हार घेऊन उभे होते.

“कुणाला रे?”

“तुमालाच.”

“मग दे की.” अप्पांनी हार गळ्यात घातला.

“लई चांगला माणूस म्हणायलोय आमी कवाचं,” नागप्पा पुटपुटले.

“व्हय? मग काल बांधावरनं भांडलास ते कामून?”

सासूबाईंनी माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला. शेवटी “मग त्या बाईला बांगड्या मिळाल्या का न्हाई?” असं विचारून त्यांनीच तो मोडला. ह्यांची मिशी पुन्हा आली, पण पहिल्यासारखा पीळ धरेना. कंदीलवाल्याचं मासिकही पुढं बंद पडलं. ह्यांनी आजतागायत त्याचं एक पान वाचलेलं नाही.

काही वर्षांनी अप्पा खरोखरच गेले. दहाव्याचं उरकून हे एकटेच चालत येत होते. विहिरीवर परगावाहून माहेरपणाला आलेली एक बाई होती, तिला अप्पा गेल्याचं माहीत नव्हतं. ह्यांचं डोकं बघून ती खुदकन हसली. “काय मास्तर, अक्काला आता कुठला अंक पायजेल झालाय?”

“मधलाच एक,” हे म्हणाले आणि पुढं निघाले.

घरी येऊन त्यांनी मला ते सांगितलं. बाहेर माणसं बसलेली. आम्ही दोघं आतल्या खोलीत, तोंडात पदर आणि उपरणं कोंबून, हसत होतो आणि रडत होतो.