दोरावरचा आठवा माणूस

संत तुकाराम नगरातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक माणूस कशासाठी तरी प्रसिद्ध आहे. कुणी गाडी आडवी लावण्यासाठी, कुणी पाण्याची मोटर चालू ठेवून गावाला जाण्यासाठी, कुणी मीटिंगमध्ये "माझा एकच मुद्दा आहे" असं म्हणून नऊ मुद्दे मांडण्यासाठी. ए विंगमधले रोहिदास केळुसकर मात्र बावीस वर्षं राहूनही कशासाठीच प्रसिद्ध नव्हते.

सहा वाजायच्या आत कंपनीची बस पकडायची, चाकणला स्टोअरमध्ये नटबोल्टचे खोके लावायचे, संध्याकाळी परत यायचं. जिन्यात भेटले तर हसायचे. गणपतीत मंडळाने त्यांच्याकडे चपला सांभाळायचं खातं दिलं होतं. ते त्यांनी इतकं चोख सांभाळलं की बावीस वर्षांत दुसऱ्या खात्यावर त्यांची बदलीच झाली नाही.

गाव वेंगुर्ल्याच्या पुढे, समुद्राला चिकटून. कोकणातला माणूस म्हटल्यावर मे महिना लागला की आम्ही सगळे हक्काने विचारायचो, "काय काका, यंदा गावचे आंबे?" काका प्रत्येक घरी सहा-सहा आंबे पोचवायचे. आम्ही वास घेऊन म्हणायचो, "वा! झाडावरचा आंबा तो झाडावरचा!" पुढे कळलं की केळुसकर मासेमारांचं घर. त्यांच्या सात पिढ्यांत कुणाकडे आंब्याचं एक झाड नव्हतं. काका ते आंबे पिंपरीच्या बाजारातून आणायचे आणि खोका बदलून द्यायचे. आमचा विरस होऊ नये म्हणून!

तर हे काका मार्चमध्ये रिटायर होणार होते आणि सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गावी परतायचं ठरवून टाकलं होतं.

"आपला घर थंय बंद असा. हंय रवान काय करतलास? तुमका हंय कोण इचारता?"

काकांना जायचं नव्हतं. या गल्लीत त्यांचा जीव रमला होता. पण का राहायचं? चपला सांभाळायला, असं काही बायकोला सांगता येत नाही. फ्लॅटची जाहिरात मोबाइलवर गेली. वाकडचं एक जोडपं येत्या रविवारी घर नक्की करायला येणार होतं. सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता.

त्या रविवारच्या आधी आला सव्वीस जानेवारी.

त्या दिवशी झेंडावंदन झालं की आमच्याकडे खेळ असतात आणि शेवटी ए विंग विरुद्ध सी विंग अशी तीन फेऱ्यांची रस्सीखेच. जिंकणाऱ्याला पाच किलो जिलेबी. ती हरणाऱ्यांच्या समोर बसून, चवीने, आवाज करत खायची, अशी प्रथा. ही प्रथा अकरा वर्षं सी विंगने पाळली. कारण त्यांच्याकडे मालोजी होता. चाकणजवळच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा गडी, आता कंपनीत सुपरवायझर. तो जिना चढायला लागला की चौथ्या मजल्यावरचे लोक चहाचं आधण वाढवायचे.

आमचा कॅप्टन रविराज. आयटीवाला. रोज जिमला जातो, प्रोटीनची पावडर डब्याने खातो. दंड असे की शर्टाच्या बाह्या बिचाऱ्या ओव्हरटाइम करतात. पण दोर धरला की दंड एकीकडे आणि पाय दुसरीकडे.

त्यात त्या दिवशी आमच्या टीममधल्या प्रज्वलला अचानक शिफ्टला बोलावलं. आठातला एक कमी. सोसायटीच्या सेक्रेटरी दिपालीताई याच स्पर्धेच्या पंचही असतात. त्या राहतात ए विंगमध्ये, पण तोंडात शिट्टी असल्यामुळे तटस्थ समजल्या जातात. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. पाण्याच्या जारपाशी केळुसकरकाका ग्लास विसळत उभे होते.

"काका, या हो. तुम्ही नुसता दोर धरा. ओढायची काही गरज नाही."

काका आले. त्यांना सगळ्यात शेवटी उभं केलं, म्हणजे कुणाच्या पायात यायला नको.

शिट्टी वाजली. आणि काय आश्चर्य, दोर चार पावलं चक्क आमच्याकडे सरकला! रविराजने अकरा वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडून ओढलं. आणि तेवढ्यात केळुसकरकाकांनी दोर सोडला, बाजूने पळत पळत पुढे गेले, रविराजच्याही पुढे, अगदी फक्कीच्या रेषेपाशी जाऊन मालोजीसमोर उभे राहिले आणि तिथे नव्याने दोर धरला.

मागचा आधार गेला. आमचे सात जण पोत्यांसारखे एकमेकांवर पडले आणि सी विंगने दोर आणि माणसं दोन्ही ओढून नेली.

"काका," मालोजी श्वास घेत म्हणाला, "तुमी आमच्यात आला व्हय? मग आधी सांगायचं न्हाई का, सी विंगची टोपी दिली असती!"

सगळं मैदान हसलं. रविराज कोपर चोळत ओरडला, "अहो काका, दोर सोडून पुढे कशाला गेलात?"

काका पार ओशाळले. "चुकला रे. सवय."

"कसली सवय? स्टोअरमध्ये दोर सोडून पळता?"

तेव्हा काकांनी सांगितलं. गावाला रापण असते. होडीतून मोठं जाळं समुद्रात गोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग अख्खा गाव दोर ओढतो. मागे मागे सरत जायचं. जो सगळ्यात मागे पोचतो त्याने दोर सोडून पळत पाण्यापाशी यायचं आणि पुन्हा पुढून धरायचा. वयाच्या नवव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत काकांनी हेच केलं होतं. चाळीस वर्षांनी हातात दोर आला आणि पायांना वाटलं, वाळूच आहे.

काका सलग चार मिनिटं बोलले. बावीस वर्षांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं भाषण. आणि ते संपलंच नाही.

"रविराज, एक सांगू? तुम्ही आठ जण आठ वेळा ओढता. आणि सगळा वेळ ओढता. समुद्राला असं कोण ओढणार? लाट ओढते तेव्हा नुसतं उभं राहायचं, टाच रोवून. ती दमते. दमली की मग एक पाऊल."

"इथे लाट कुठाय?"

काकांनी मालोजीकडे बोट दाखवलं. मालोजी खूश झाला. त्याला आजवर डंपर म्हणाले होते, लाट कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत काका पुन्हा शेवटी. "आता पळू नका हां," दिपालीताईंनी तटस्थपणे बजावलं. शिट्टी वाजली. मालोजीने नेहमीचा हिसका दिला. आमचे लोक दात-ओठ खाणार, तोच मागून आवाज आला, "थांब! टाच!" सगळे थांबले. दोर थरथरत जागच्या जागी राहिला. मालोजीने दुसरा हिसका दिला, तिसरा दिला, आणि क्षणभर श्वास घ्यायला सैल पडला.

"होऽऽ हैशा!"

हा आवाज त्या किरकोळ माणसाचा होता यावर कुणाचा विश्वास बसेना. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे उडाले. आठ टाचा एकदम मागे गेल्या. पुन्हा थांब. पुन्हा हैशा. पाच हैशात रेषेपलीकडचा मालोजी अलीकडे आला. तो इतका चकित झाला होता की आल्यावर म्हणाला, "नमस्कार."

तिसरी फेरी सात मिनिटं चालली. गॅलऱ्या भरल्या. बायका, म्हातारी माणसं, वॉचमन, सगळे काकांच्या तालावर हैशा म्हणू लागले, सी विंगमधलेसुद्धा, नकळत. "रविराज, झिला, दंड नको, टाच!" काका ओरडत होते. सुमनताई गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी हा आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला होता. शेवटच्या हैशाला सी विंगचे आठही जण रेषेवरून आत आले आणि दिपालीताई शिट्टी फेकून देऊन नाचल्या.

जिलेबीची परात आली. रविराज मांडी ठोकून बसला. अकरा वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता! काकांनी परात उचलली आणि पहिली जिलेबी मालोजीच्या हातावर ठेवली.

"काका, हा काय प्रकार?" रविराज कळवळला.

"रापणीचा कायदा. दोराला हात लावला, त्याचा वाटा."

मग दोर सोडवणारा वॉचमन आला. हैशा म्हणणाऱ्यांनीही वाद घातला की आवाज लावला म्हणजे हातच लावला. परात दोनदा मागवावी लागली.

खाता खाता दिपालीताई म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्षी टीम तुमची." तेव्हा सुमनताई हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आम्ही नाही. मार्चात गावाला चाललो, कायमचे."

जिलेबीचा कुरकुर आवाज थांबला.

"असं कसं जाता?" मालोजी उठून उभा राहिला. "न्हाई म्हंजे न्हाई. आमी आजच तर हारलो!"

रविवारी वाकडचं जोडपं आलं. दार उघडंच होतं. आत मालोजी आणि त्याच्या गावचे तीन गडी सोफ्यात मावत नव्हते म्हणून जमिनीवर बसले होते. गावच्या जत्रेत शेजारच्या गावाशी दोराची पैज होती आणि काकांनी महिनाभर येऊन शिकवावं म्हणून ते बोलवायला आले होते. रविराज आधीच तारखा लावत होता. काका जमिनीवर खडूने आठ टाचा काढून दाखवत होते.

"आम्ही फ्लॅटचं नक्की करायला..." बाई दारातून म्हणाल्या.

सुमनताई हातात चहाचा ट्रे घेऊन आल्या. परक्या माणसांशी त्या एरवी शुद्ध पुणेरी बोलतात. त्या दिवशी विसरल्या.

"येवा, बसा, चाय घेवा. पण घर विकूचा नाय. जाहिरात मीच घातलंय, मीच काढतंय. ह्यांका आता सवड खंय असा? आनि मे म्हयन्यात ही सगळी सोसायटी रापण बघूक आमच्या गावाक येवची म्हणता." त्यांनी बसलेल्या माणसांवर एक नजर टाकली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हो मालोजी झोपतलो खंय, त्याचीच काळजी. थंयच्या बंद घराचो मोडको पत्रो आधी बदलूक होयो."