चेंडूची वादी

तेव्हा फुटबॉलचं तोंड चामड्याच्या वादीनं आवळत. ती लागून शेजारच्या पोराचं कपाळ फुटलेलं मी पाहिलं होतं. त्यामुळे अकोल्यात मुलाला मैदानावर नेलं, तेव्हा माझाच जीव थाऱ्यावर नव्हता.

शिकवणारा माणूस मांडी घालून वादी आवळत होता. गाठ त्यानं आत दाबली, अंगठ्यानं चाचपली आणि उभं राहून चेंडू तीनदा स्वतःच्याच कपाळावर झेलला. मगच पोरांकडे टाकला.

"पोराइले लागते काय हो?" मी विचारलं.

"लागते ना भाऊ. पण पयले मले लागते."

त्याच्या कपाळावर वादीचे जुने वण होते. मला हायसं वाटलं. मी मुलाचा हात सोडला. त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उमटले होते.